आजीचें भांडार : असोद्याच्या बहिणाबाईंचें चरित्र व त्यापासून घ्यावयाचा बोध

जुबिलीच्या निमित्तानें धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या बाहेर निघतात, तेव्हां आपल्या आज्या-पणज्यांचीं नांवें त्यांत सांपडतात. बाप्तिस्म्याची एक ओळ, लग्नाची एक ओळ आणि मृत्यूची एक ओळ, एवढाच बहुतेकींचा लेखी वृत्तान्त असतो. ह्या तीन ओळींच्या मध्यें जीं साठ-सत्तर वर्षें गेलीं, त्यांत तिनें किती लेंकरें वाढविलीं व किती मातीस दिलीं, दुष्काळांत घर कसें तारलें, दुःखाच्या दिवसांत कोणतें गाणें म्हटलें, ह्याचा पत्ता त्या वहीवरून लागत नाहीं. ह्यांत वहीचा कांहीं दोष नाहीं. ज्या कामासाठीं ती ठेविली आहे तें काम ती चोख करते. उरलेलें काम घरच्या माणसांचें असतें.

प्रस्तुत लेखांत अशा एका आजीचें चरित्र सांगावयाचें योजिलें आहे कीं, जिच्या घरच्या माणसानें तें उरलेलें काम केलें, आणि तें केलें म्हणूनच आज सर्व महाराष्ट्राला तिचें नांव ठाऊक आहे. ती म्हणजे खानदेशांतील असोदें गांवची लेंक व जळगांवच्या चौधरी घराण्याची सून बहिणाबाई. बाई आपल्या धर्माच्या नव्हत्या; विठ्ठलाचें नांव घेणाऱ्या शेतकरी समाजांत त्या जन्मल्या व वाढल्या. परंतु त्यांचें जिणें हिंगोली जिल्ह्यांतील पुसेगांवच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही मराठी गांवच्या आजीच्या जिण्याहून फारसें निराळें नव्हतें. तीच काळी जमीन, तोच कापूस, तीच जोंधळ्याची भाकर आणि तेंच पहाटेचें जातें. म्हणून त्यांच्या चरित्रांत वाचकांस आपल्याच घरची म्हातारी ओळखूं येईल.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालीं झाला. दिवस नागपंचमीचा होता असें सांगत आले आहेत. वडील उखाजी महाजन आणि आई भीमाबाई. घमा, गना व घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता व तुळसा ह्या तीन बहिणी, असें तें भरलेलें घर होतें. मुलीला शाळेंत घालावें असा विचार त्या काळीं शेतकऱ्याच्या घरीं सहसा कोणाच्या मनांत येत नसे. १९०१ च्या खानेसुमारींत साऱ्या हिंदुस्थानांत दर हजार स्त्रियांमागें लिहितां-वाचतां येणाऱ्या सहा-सातच निघाल्या, ह्यावरून त्या काळाची कल्पना करावी. बहिणाबाईंना अक्षर कधींच आलें नाहीं. जें कांहीं शिक्षण झालें तें कानांनीं झालें. आईच्या तोंडच्या ओव्या, कीर्तनांतील कथा, बाजारांतील म्हणी, शेतावरील माणसांचीं बोलणीं, हीच त्यांची पुस्तकें.

वयाच्या तेराव्या वर्षीं त्यांचें लग्न जळगांवच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशीं झालें. चौधरींचें कुटुंब मोठें व एकत्र, आणि वाड्यांत नांदणारें. अशा घरांत सुनेच्या वाट्याला काय येतें हें आपल्या वाचकभगिनींस सांगावयास नको. दळण, कांडण, पाणी, सारवण, चूल, आणि तें आटोपून पुन्हां शेत. जळगांव तेव्हां आगगाडीच्या वाटेवरील कापसाचें मोठें पेठेचें गांव होऊं लागलें होतें. परंतु पेठेंत पैसा खेळला तरी शेतकऱ्याच्या सुनेचे कष्ट कांहीं कमी होत नसत.

त्यांतून काळ कठीण होता. १८९६ सालीं मुंबईस प्लेग शिरला आणि आगगाडीच्या वाटेनें तो गांवोगांव पसरला. १८९९ मध्यें पाऊस गेला व संवत् १९५६ चा म्हणून 'छपन्नचा' म्हटला जाणारा दुष्काळ खानदेशावर कोसळला. बहिणाबाईंना तीन अपत्यें झालीं : मुलगी काशी आणि मुलगे ओंकार व सोपान. प्लेगानें ओंकारास गांठलें. जीव वांचला, पण कायमचें अपंगत्व आलें. पुढें बाईंच्या वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास नथुजी वारले. धाकटा सोपान १९०७ चा, म्हणजे तेव्हां अगदीं अजाण. पदरीं तीन मुलें, त्यांतील एक अधू, आणि कपाळ पांढरें, अशा स्थितींत बाईंनीं पुढचीं चाळीस वर्षें काढलीं.

ह्या चाळीस वर्षांत त्यांनीं काय केलें, असें कोणी विचारील तर उत्तर साधें आहे. त्यांनीं शेत केलें, घर चालविलें, मुलें मार्गाला लाविलीं. सभेंत भाषण केलें नाहीं कीं वर्तमानपत्रांत नांव आलें नाहीं. आपल्या गांवच्या शेंकडों विधवांनीं जें केलें तेंच त्यांनीं केलें. फरक एवढाच कीं, त्या गात असत. आणि तें गाणें ऐकणारा, ऐकून लिहून घेणारा मुलगा त्यांच्या घरांत होता.

हें गाणें कोठून आलें तें समजण्यास जातें डोळ्यांपुढें आणिलें पाहिजे, आणि आतांच्या मुलांनीं तें बहुधा पाहिलेलें नसतें. दोन गोल दगड, खालचा स्थिर व वरचा फिरणारा. वरच्याला लांकडी खुंटा आणि मधोमध तोंड. एका हातानें खुंटा फिरवावयाचा व दुसऱ्यानें मूठमूठ दाणे तोंडांत टाकावयाचे. सबंध घराच्या दिवसभराच्या भाकरीचें पीठ उजाडण्यापूर्वीं ह्याच रीतीनें काढावें लागे. एकटीच्यानें रेटत नसे म्हणून पुष्कळदां दोघी समोरासमोर बसत. फेऱ्याच्या ठेक्यावर ओवी बसे व ओवीच्या ठेक्यावर हात चाले, आणि त्यांत श्रमाचा विसर पडे. शिवाय ती वेळच अशी कीं, घरचे पुरुष निजलेले असत. मनांतलें बोलावयाला सुनेला दिवसांतून तेवढीच मोकळीक. म्हणून माहेरची आठवण, सासरचा जाच, भावाची वाट पाहणें, लेंकराचें कौतुक आणि देवाची विनवणी, हें सारें ओवींत आलें. बहिणाबाईंचीं गाणीं ह्याच ओवीच्या चालीवर उभीं आहेत. तीं लिहिण्यासाठीं रचलेलीं नव्हतीं. हात कामांत गुंतलेले असतांना तोंडून निघालेलीं होतीं.

तीं वहींत कशीं उतरलीं ह्याविषयींची हकीकत मोठी गोड आहे. सोपान शाळेंत जात असतां त्यानें आपल्या पाठ्यपुस्तकांतील सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईस वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतो तों आईनें त्याच कथेचें गाणें केलेलें! तेव्हांपासून तो आईचीं गाणीं टिपून ठेवूं लागला. त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी हाही ह्या कामीं त्याचा सोबती होता. मुलगा अक्षर शिकला आणि तें अक्षर त्यानें आधीं आईच्या कामीं लाविलें, हें ह्या प्रसंगांतील मर्म आहे. शिकलेल्या पोराला अडाणी आईची लाज वाटावी असे प्रसंग आपण थोडे का पाहतों? येथें उलट घडलें. हाच सोपान पुढें सोपानदेव चौधरी ह्या नांवानें मराठींतील नांवाजलेला कवि झाला.

गाण्यांचे विषय पाहिले तर घराचा उंबरा आणि शेताचा बांध ह्यांच्यामध्यें जें जें येतें तें सर्व त्यांत आहे. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी. पोळा, गुढी आणि आखजीचा सण. असोद्याकडे जाणारी माहेरची वाट. झाडाच्या फांदीला खोपा विणणारी चिमुकली सुगरण. संसाराचें सुख हवें तर आधीं हातास चटका सोसावा लागतो, हें त्या चुलीवरच्या तव्याच्या उपमेनें सांगतात. माणसाचें मन हें उभ्या पिकांत शिरणाऱ्या ओढाळ गुरासारखें आहे, हांकललें तरी पुन्हां येतें, असें त्या म्हणतात. आणि हें ज्यानें कधीं शेत राखलें आहे त्यास लगेच पटतें. जळगांवीं छापखाना आला तेव्हां त्या यंत्राचेंही त्यांनीं गाणें केलें. ज्या बाईला छापलेला शब्द वाचतां येत नव्हता, तिला कोऱ्या कागदाचें शहाणा होणें मात्र नीट दिसलें.

वैधव्याचीं गाणींही आहेत. एकांत त्या ज्योतिष्याला दारांतून परत पाठवितात. आपल्या नशिबांत काय आहे तें आपल्यावरून गुदरून गेलें आहे, आतां तें तळहातावर शोधण्याचें कारण उरलें नाहीं, असा त्याचा भावार्थ. ह्यांत रडणें नाहीं. जिनें दुःख पूर्ण पाहिलें आहे आणि तरीही सकाळीं उठून जातें ओढलें आहे, अशा बाईचा तो शब्द आहे.

बाईंना आयुष्य त्या काळच्या मानानें दीर्घ लाभलें. १९०१ ते १९११ ह्या दशकांत हिंदुस्थानांतील माणसाची सरासरी आयुर्मर्यादा २३ वर्षांच्या आसपास होती. १९१८ च्या तापाच्या सांथींत ह्या देशांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. ह्या सर्वांतून बाई तगल्या. त्यांच्या हयातींत १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांच्याच पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें डिसेंबर १९३६ मध्यें राष्ट्रीय सभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. १९४७ चें स्वातंत्र्यही त्यांनीं पाहिलें. आणि ३ डिसेंबर १९५१ रोजीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, जळगांवांत त्यांचा अंत झाला. त्या दिवशीं एका शेतकऱ्याच्या घरची म्हातारी गेली, एवढेंच लोकांनीं जाणलें. कवयित्री गेली हें कोणासच ठाऊक नव्हतें.

आईच्या मागें सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली. अत्रे वाचूं लागले आणि हें तर बावनकशी सोनें आहे, हें महाराष्ट्रापासून लपवून ठेवणें हा गुन्हा होय, असें त्यांनीं सोपानदेवांस बजावलें. १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' हें पुस्तक निघालें. पुढें १९६१ च्या 'मानिनी' ह्या बोलपटांतून त्यांतील गाणीं आशा भोसले यांच्या कंठानें घरोघर पोहोंचलीं. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत तीं आलीं. १९९० सालीं जळगांवीं स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ सालीं बहिणाबाईंचें नांव देण्यांत आलें. जिला स्वतःची सही करतां येत नव्हती, तिच्या नांवाखालीं आज हजारों मुलामुलींच्या पदव्या निघतात. जळगांवच्या चौधरी वाड्यांतील त्यांचें घर स्मारक म्हणून जपलें आहे.

आतां वाचकांनीं क्षणभर उलट विचार करावा. सोपानला शाळा मिळाली नसती तर? वही एखाद्या पावसाळ्यांत भिजली असती, किंवा वाळवीनें खाल्ली असती तर? आईच्या बोलींत काय लिहावयाचें आहे, असें म्हणून मुलानें ती बाजूस टाकली असती तर? बाई तशाच राहिल्या असत्या, गाणीं तितकींच खरीं असतीं, पण आपणांस त्यांतलें एक अक्षरही लाभलें नसतें. आणि जीं गाणीं सोपान लिहूं लागण्यापूर्वीं जात्यावर म्हटलीं गेलीं, किंवा तो घरीं नसतांना शेतांत म्हटलीं गेलीं, तीं वाऱ्याबरोबर गेलींच. महाराष्ट्राला जें मिळालें तें त्या भांडारांतील थोडेंसेंच आहे.

असो. बहिणाबाईंची गोष्ट खानदेशची, तिचा आमच्या मुलखाशीं काय संबंध, असें कोणी म्हणूं नये. हिंगोली जिल्हा हा तर अशा बायांच्या वाणीचें जुनें माहेर आहे. कयाधू नदीच्या कांठचें नरसी हें गांव परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें, आणि त्याच नामदेवांच्या घरीं काम करणारी जनाबाई ही गोदावरीकांठच्या गंगाखेडची. दळतां-कांडतांना देवाशीं बोलणारी ती दासी, आणि तिच्या मागून सहा शतकांनीं जळगांवीं जात्यावर गाणारी बहिणाबाई, ह्यांचें आसन एकच आहे. बोलीच्या दृष्टीनेंही अंतर फार नाहीं. बहिणाबाईंच्या लेवा गणबोलींत वऱ्हाडी वळणाचे शब्द पुष्कळ, आणि हिंगोलीला तर वऱ्हाडची हद्द लागूनच आहे. आपल्या म्हाताऱ्यांना तीं गाणीं शब्दकोश न उघडतां समजतात.

शिवाय इकडच्या आज्यांनीं पाहिलें तेंही कांहीं थोडें नाहीं. १९२० च्या सुमारास पुसेगांवांत जन्मलेल्या आणि पाऊणशे-ऐंशी वर्षें जगलेल्या बाईचा विचार करा. तिचें बालपण निजामाच्या राज्यांत गेलें. बाजारांत हाली शिक्का चाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली, तत्पूर्वींचें रझाकारांच्या धास्तीचें वर्ष तिनें तरुणपणीं सोसलें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. १९७२ च्या दुष्काळांत हातांत हातोडा घेऊन खडी फोडणाऱ्या, सुकडी व मिलो जोंधळ्यावर दिवस काढणाऱ्या बायांत ती असावयाची. १ मे १९९९ रोजीं परभणीतून हिंगोली जिल्हा निराळा झाला. म्हणजे घरचा उंबरा न सोडतां ती चार राज्यकारभारांत आणि दोन जिल्ह्यांत राहिली! हा इतिहास पुस्तकांत आहे. पण त्या दिवसांत तिच्या घरांत चूल कशी पेटली, हें पुस्तकांत नाहीं.

आणि तें सांगणाऱ्या आतां फार थोड्या उरल्या आहेत. डिझेलच्या आणि मागाहून विजेच्या गिरण्या खेड्यांत आल्या, तशीं जातीं कोपऱ्यांत गेलीं. बायांचे कष्ट वांचले ही चांगलीच गोष्ट झाली. त्याबद्दल हळहळ करणें हें ज्यानें कधीं दळलें नाहीं त्याचेंच काम. परंतु जात्याबरोबर ओवीचा प्रसंगही गेला. तो पुरता जाण्यापूर्वीं फ्रान्सहून येऊन पुण्यांत स्थायिक झालेले गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर ह्या दोन अभ्यासकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत परभणी जिल्ह्यांतील बायांच्या ओव्याही आहेत. एक लाख ही संख्या ऐकून आश्चर्य वाटतें. परंतु गांवागांवांतील प्रत्येक घरीं पिढ्यान्‌पिढ्या रोज पहाटे गाणें होत होतें हें ध्यानांत घेतलें, म्हणजे किती गेलें असेल ह्याचेंच अधिक आश्चर्य वाटावें.

तेव्हां ह्या चरित्रापासून बोध काय घ्यावयाचा? तो कवितेपेक्षां वहीविषयींचा आहे. प्रत्येक घरची आजी कवयित्री असेल असें नाहीं, परंतु प्रत्येकीपाशीं दुसऱ्या कोणापाशीं नाहीं असें कांहीं तरी असतें. ज्या घरांत ऐंशी वर्षांची म्हातारी आहे, त्या घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें एक कोरी वही घेऊन तिच्याजवळ बसावें. तिच्या माहेरचें गांव कोणतें, आईचें नांव काय, किती भावंडें होतीं व त्यांतील किती लहानपणीं गेलीं, हें आधीं विचारावें. कारण हीं नांवें तिच्याबरोबर जातात. मग दुष्काळाचें वर्ष, सांथीचें वर्ष, लग्नांतील गाणीं, पाळण्यांतील गाणीं, मुलांच्या खोकल्याचा काढा, शेतांच्या तुकड्यांचीं जुनीं नांवें, सण कसा होई, उपास कसा पाळीत, हें एकेक घ्यावें. एका बैठकींत सर्व होत नाहीं. म्हातारपणीं आठवणी क्रमानें येत नाहींत. शेवग्याच्या शेंगा निवडतांना एक येते, तिन्हीसांजेला दुसरी येते. वही जवळ असावी म्हणजे झालें. आतां तर हातांतील दूरध्वनियंत्रांतही आवाज ठेवतां येतो. तोही ठेवावा, म्हणजे नातवंडांस तिचा सूर कळेल.

एक सूचना विशेष आहे. आजी जसें बोलते तसेंच लिहावें. तिची भाषा 'शुद्ध' करूं नये. सोपानदेव स्वतः ग्रांथिक मराठींत कविता लिहीत. त्यांनीं मनांत आणिलें असतें तर आईच्या ओळी सहज शहरी करून टाकल्या असत्या. त्यांनीं तसें केलें नाहीं, आणि त्या गाण्यांचें अर्धें बळ त्या बोलींत आहे. तसेंच, आजीनें सांगितलेलें घरचें भांडण, उपाशी राहिलेले दिवस, किंवा एखादें न भरलेलें दुःख, हें कमीपणाचें म्हणून गाळूं नये. तिनें तें सोसलें आहे. आपण तें लिहिण्यास कचरावें हें शोभत नाहीं.

संत पौलानें तीमथ्यास दुसरें पत्र लिहितांना त्याच्या अंगच्या विश्वासाची आठवण केली, तेव्हां तो विश्वास पहिल्यानें जिच्यांत होता त्या आजीचें, लोईसचें, नांव त्यानें घातलें. तिच्याविषयीं पवित्र शास्त्रांत दुसरा उल्लेख नाहीं. त्या एका लेखी शब्दानें तिचें नांव जवळजवळ दोन हजार वर्षें टिकलें.

पुढच्या जुबिलीस, पंचवीस वर्षांनीं, ह्याच नोंदवह्या पुन्हां उघडल्या जातील व त्यांत आजच्या आज्यांच्या तीन-तीन ओळी दिसतील. त्या वेळीं त्यांच्या शेजारीं ठेवण्यास घरोघरची एकेक वही असावी अशी इच्छा आहे. तिला आरंभ करण्यास मोठ्या विद्येची जरूर नाहीं. सोपान हा शाळकरी मुलगाच होता.